बेडकीचा फोटो

१

चोरी झाली छेचाळीस वर्षांपूर्वी. तिचा पुरावा सापडला परवा, मेलेल्या वकिलाच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये.

हा पुरावा मावशीच्या टेबलावर आपटला तेव्हा ती जेवत होती.

"आधी हात धुऊ दे गं बाई," मावशी म्हणाली. "आणि तू बस. अशी उभी राहिलीस तर मला वाटतं, वर्गात माझाच गृहपाठ राहिलाय."

आलेली बाई गणिताची मास्तरीण होती आणि गावाला तिची ओळख तेवढीच असायला हवी होती. पण गाव मोठं उदार. पाठीमागे तिला 'गाडीचोराची मुलगी' म्हणायचं आणि तोंडावर तिच्याकडे मुलांच्या शिकवण्या लावायचं.

मावशीनं जुन्या गाड्यांच्या सुट्या पार्टांचं दुकान पंचेचाळीस वर्षं चालवलं होतं. आधी नवऱ्यासोबत, तो गेल्यावर एकटीनं. दुकान बंद करून तीन वर्षं झाली, तरी तिच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी आणि हेडलाइट जास्त होते. दाराचं नुसतं हँडल हातात दिलं तरी ती गाडी कुठली, कुठल्या साली बनलेली आणि चालवणारा किती आदळआपट करणारा, हे सांगायची. म्हणून मास्तरीण तिच्याकडे आली होती.

टेबलावर तळहाताएवढा काळापांढरा फोटो होता. समोरून दिसणारी एक गाडी. बोनेटवर बसवलेली दहा महिन्यांची गुबगुबीत मुलगी, ती म्हणजे ही मास्तरीण. एका बाजूला तरुण ड्रायव्हर, म्हणजे तिचे बाबा, एक पंजा बोनेटवर टेकवलेला. दुसऱ्या बाजूला आई. आई मान मागे टाकून हसत होती.

"छोटे मालक काल घरी आले होते," मास्तरीण म्हणाली. "बाबा ज्यांची गाडी चालवायचे, त्या डॉक्टरांचा नातू. वारलेल्या वकील वडिलांच्या ड्रॉवरमध्ये मिळाला म्हणाले. ही आजोबांची चोरीला गेलेली गाडी. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे, एकोणीस तारखेचा. चोरीची तक्रार तीन तारखेची. म्हणजे चोरीनंतर सोळा दिवसांनी गाडी बाबांकडे होती."

"आणि?"

"शनिवारी त्यांच्या जुन्या गाड्यांच्या दालनाचं उद्घाटन आहे. एका भिंतीवर 'आमच्या घराण्याच्या गाड्या' लावणार आहेत. त्यात हा फोटो मोठा करून. खाली लिहिणार, चोर सहकुटुंब."

"आणि तुझे बाबा काय म्हणतात?"

"फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला. म्हणाले, 'गाडी तीच.' मग भिंतीकडे तोंड करून झोपले. कालपासून अन्नाला शिवले नाहीत. मावशी, तुम्ही फक्त एवढं सांगा, ही दुसरी गाडी आहे. तशीच, पण दुसरी. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर ज्या माणसासाठी मी आयुष्यभर लोकांशी भांडले, तो मला ओळखीचाच नाही."

२

मावशीनं ड्रॉवरमधून भिंग काढलं. पार्टांवर कोरलेले बारीक आकडे वाचायचं भिंग ते.

"डॉक्टरांच्या गाडीचा फोटो आहे का कुठला? चोरीआधीचा?"

मास्तरणीनं दुसरा कागद काढला. छोट्या मालकांनी तोही दिला होता, पुराव्याला जोड म्हणून. पैसेवाल्याचा पोरगा, पण फाइल नीट ठेवणारा.

मावशीनं दोन्ही शेजारी ठेवले. एक डोळा मिटून ती इतका वेळ बघत राहिली की मास्तरणीनं तिच्या ताटावर झाकण ठेवलं.

"ही बेडकी," मावशी पुटपुटली. "डोळे वर आलेत, तोंड रुंद. कंपनीनं काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं, गॅरेजमध्ये कुणी ते उच्चारलं नाही. बेडक्या दोन तऱ्हेच्या. पहिल्या वर्षीच्या जाळीला आडव्या पट्ट्या सात, नंतरच्यांना नऊ. दोन्ही फोटोंत सात."

"पहिल्या वर्षीच्या पुष्कळ असतील ना?"

"या गावात तीन. एक काळी, ती मीच तोडून विकली. एक टॅक्सी, तिच्या टपाला कॅरियर आणि जाळीवर पिवळा दिवा. तिसरी डॉक्टरांची." मावशीनं भिंग सरकवलं. "बोनेटवरच्या पक्ष्याचा डावा पंख अर्धा तुटलाय. दोन्हीकडे. उजव्या हेडलाइटच्या कड्याला खालच्या बाजूला चिमटा बसलाय. दोन्हीकडे. जाळीची चौथी पट्टी मधोमध किंचित आत गेलीय."

चेहरा बघूनच मास्तरणीला कळलं.

"मी खोटं बोलू शकते," मावशी म्हणाली. "फुकटात बोलेन. पण त्या पोरानं चार तज्ज्ञ आणले तर चारही जण हेच सांगतील. गाडी तीच आहे."

मास्तरीण उठली. फोटो घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला. "आईचा फोटो कापून मिळेल का हो यातून? तिचा तरुणपणीचा एकही नाही आमच्याकडे. आणि असं हसताना मी तिला कधी पाहिलंच नाही."

मावशीचा हात भिंगावर थांबला.

"काय म्हणालीस?"

"आई अशी कधी हसायची नाही."

"खाली बस," मावशी म्हणाली. "आणि माझं ताट आण इकडे. उपाशी पोटी मला राग येतो आणि आता मला विचार करायचाय."

३

"पोलीस दारात येऊन गेलेत," मावशी घास चावता चावता म्हणाली, "नवऱ्याची नोकरी गेलीय, सगळं गाव कुजबुजतंय, आणि बाई चोरीच्या गाडीला टेकून खिदळते? तुझी आई वेडी होती का?"

"नाही."

"मग हा फोटो तक्रारीच्या आधीचा आहे. शिक्का फोटो काढल्याचा नसतो, छापल्याचा असतो. तेव्हा एका रिळात छत्तीस फोटो बसायचे. लोक पहिला फोटो सहलीत काढायचे आणि शेवटचा बारशाला. रीळ संपलं की स्टुडिओत. छोट्या मालकांना हे कुठून ठाऊक? त्यांनी जन्मात रीळ पाहिलं नसेल."

"पण आधीचा असला तरी काय? बाबा डॉक्टरांची गाडी चालवायचेच. फोटो काढला असेल."

"तेच त्यांना वाटायला हवं होतं. पण तारखेनं डोळे दिपले." मावशीनं ताट बाजूला केलं आणि भिंग मास्तरणीच्या हातात दिलं. "आता बघ. संग्रह करणारी माणसं गाडीचं तोंड बघतात. पक्षी, जाळी, दिवे. काय आहे ते बघतात. आम्ही दुकानदार गाडी तुकड्यांत विकत घ्यायचो, आम्ही आधी काय नाही ते बघतो. मी पण आज विसरले, तुझ्या रडवेल्या तोंडाकडे बघत बसले. मडगार्डच्या कमानीत बघ. काय आहे?"

"काळोख. चाक सावलीत असेल."

"नीट बघ."

मास्तरीण वाकली. कमानीतल्या काळोखात एक उभी फिकट रेघ होती. तिच्यामागे विटांची भिंत.

"लाकूड? बाकाचा पाय?"

"चाक नाही. आता बोनेटच्या वर, तुझ्या टोपऱ्याच्या आणि आईच्या खांद्याच्या मध्ये. तिथे पुढची काच हवी."

तिथे एक दोरी होती. दोरीवर वाळत घातलेली फडकी होती.

"मावशी, मागे गाडीच नाहीये!"

"नाहीये. गाडी तीच आहे, पण गाडी नाहीये. हा नुसता मुखडा आहे. बोनेट, जाळी, दोन मडगार्ड, सगळं एकत्र काढून बाकावर टेकवलेलं. तुझ्या बाबांचा पंजा बघ, तुला धरायला नाही तो. मुखडा तुझ्या वजनानं पुढे कलंडू नये म्हणून दाबून धरलाय."

मास्तरीण पांढरी पडली. गणित शिकवणाऱ्या बाईला पुढची पायरी लगेच दिसते, हाच तिचा त्रास. "म्हणजे त्यांनी गाडी तोडून विकली."

"घाईनं तोडतात तेव्हा छिन्नी घालतात, पत्रा फाटतो. इथे आईच्या कोपराजवळ कड बघ. सरळ. आणि कडेवर तीन फोड आल्यासारखे दिसतात ते बोल्ट आहेत. काढलेले बोल्ट त्यांच्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवलेत. का ठेवतात? हरवू नयेत म्हणून. अदलाबदल होऊ नये म्हणून. जो मुखडा परत बसवायचा असतो, त्याचेच बोल्ट असे ठेवतात." मावशीनं भिंग टेबलावर ठेवलं. "चोर बोल्ट सांभाळत नाही, बाळ. ही गाडी दुरुस्तीला उघडली होती."

"कुणी?"

"एवढी टापटीप या गावात एकाच माणसाला होती. बहिरा झालाय, पण मेला नाही अजून."

४

ठोक्या डेंटर एक्क्याऐंशी वर्षांचा होता. आयुष्यभर पत्र्यावर हातोडा मारून त्याचे कान गेले होते आणि त्याचं गॅरेज आता सून चालवत होती. तो दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायचा.

"प्लॅस्टिक!" त्यानं मावशीला पाहून ओरडून स्वागत केलं. "सगळं प्लॅस्टिक आलंय आता! ठोकायचं कशावर?"

"डोक्यावर!" मावशी त्याच्या कानाशी ओरडली. "हा फोटो बघ!"

त्यानं फोटो नाकाशी नेला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला, बहिऱ्या माणसाचा येतो तसा, अंदाज चुकून.

"माझी भिंत ही. माझं बाकडं."

"गाडीला काय झालं होतं?"

"मागून चेपली होती. उताराला रिव्हर्स घेताना दगडी कठड्यावर घातली. चासी वाकली, सांगाडा म्हणजे. पुढून सरळ करता येईल म्हणून मुखडा उतरवला. सहा दिवस झटलो, नाही झाली."

मावशीनं मास्तरणीकडे पाहिलं. सोळा वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर मोकळ्या उतारावर रिव्हर्सला कठड्यावर जात नाही.

"आता मला सांगू दे, तू फक्त मान हलव!" मावशी ओरडली. "फोटोत तिघं आहेत. चौथा कॅमेऱ्यामागे. त्याच्याच ड्रॉवरमध्ये फोटो राहिला. त्याच्या हातात असा पुरावा होता आणि तो पुढे वकील झाला, तरी छेचाळीस वर्षांत त्यानं तो कुणाला दाखवला नाही. कारण चाक नाही हे कुणाला तरी दिसलं असतं! गाडी डॉक्टरांच्या मुलानं ठोकली!"

ठोक्यानं मान हलवली. "अठरा वर्षांचं पोरगं. डॉक्टर आठवडाभर परगावी, हा परीक्षेसाठी घरी. इथे, या पायरीवर बसून रडत होता. ड्रायव्हर मागून धावत आला आणि पोराला म्हणाला, आधी लागलं का कुठं ते सांग."

मास्तरीण पायरीवर बसली.

"आणि तू तोंड उघडलं नाहीस?" मावशी.

"पोलिसांनी विचारलं, चोर गाडी घेऊन आला होता का. म्हटलं नाही. नव्हताच आला."

"माठ्या! एक माणूस आयुष्यातून उठला!"

"ड्रायव्हरनंच गप्प बसवलं मला. पाया पडला." म्हातारा चिडला. त्यानं मावशीकडे बोट रोखलं. "आणि तू कुणाला बोलतेस गं? चासी गेली, पण दरवाजे चांगले होते. तुझ्या नवऱ्यानं घेतले. तूच विकलेस काउंटरवरून."

मावशीला आठवलं. नोकरी गेल्यावर ड्रायव्हर तिच्या दुकानात काम मागायला आला होता. तेव्हा त्याच काउंटरवरून तिनं, चोवीस वर्षांच्या फटकळ पोरीनं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हटलं होतं, "चोराला इथे जागा नाही." काउंटरमागच्या फळीवर तेव्हा बेडकीचे दोन दरवाजे उभे होते; नवऱ्यानं आणलेले, कुणाच्या गाडीचे हे तिनं विचारलं नव्हतं. ड्रायव्हरचं तिकडे लक्ष गेलं असणार. सोळा वर्षं तो ते दरवाजे रोज उघडत होता. तो फक्त "बरं" म्हणून निघून गेला होता.

"चल," ती मास्तरणीला म्हणाली. "आणि त्या नातवाला फोन कर. म्हणावं, फोटो घ्यायला ये. भिंतीवर काय लिहायचं ते सांगते."

५

छोटे मालक आले ते इस्त्रीच्या शर्टात आणि तयारीत. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतीला टांगलेल्या सायकलच्या ट्यूब, कारण गाडी गेल्यावर ड्रायव्हरनं पंक्चरच काढली. आतल्या खाटेवर म्हातारा पाठमोरा.

मावशीनं सगळं सांगितलं. चाक, दोरी, बोल्ट, शिक्का, ठोक्या. छोट्या मालकांनी मध्येच दोनदा 'पण' म्हटलं. शेवटी भिंग मागून घेतलं आणि स्वतः पाहिलं. मग खाली बसले. हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, की पाहिल्यावर ते वाद घालत बसले नाहीत.

"पण बाबा असं का करतील?" ते म्हणाले. आवाज तीस वर्षांच्या माणसाचा राहिला नव्हता. "ते एवढे सरळ होते."

"घाबरला होता," खाटेवरून उत्तर आलं.

म्हातारा उठून बसला होता. त्यानं बोलायला सुरुवात केली ती भिंतीकडे बघूनच.

"डॉक्टर हात उचलायचे त्याच्यावर. पट्ट्यानं. गाडी ठोकली कळलं असतं तर सोलला असता. गाडी शिकवली मीच त्याला, चोरून, किल्ली मी दिली. चूक माझी. म्हटलं, दुरुस्त करून जागेवर ठेवू. नाही झाली. रविवारी बायको डबा घेऊन ठोक्याकडे आली. मुखडा बघून म्हणाली, अरे, मला गाडीसोबत फोटो हवाच होता, एवढीच मिळते का? मुलीला वर बसवलं आणि हसत सुटली. पोरगं सहा दिवसांत पहिल्यांदा हसलं. त्यानं फोटो काढला. सोमवारी डॉक्टर आले आणि पोराच्या तोंडून निघालं, गाडी चोरीला गेली. किल्ली माझ्याकडे असायची, संशय माझ्यावर आला. पोरगं मला बाजूला घेऊन म्हणालं, 'उद्या खरं सांगतो.' मी म्हटलं, तू सांगशील तेव्हा सांग. मी सांगणार नाही."

"उद्या!" मावशी कडाडली. "छेचाळीस वर्षांचा उद्या!"

"यायचा तो," म्हातारा म्हणाला. "वर्षातून एकदा. वकील झाल्यावरसुद्धा. कुणाची तरी सायकल ढकलत आणायचा. म्हणायचा, पंक्चर आहे. नसायचंच. मी ट्यूब काढायचो, पाण्यात बुडवायचो, बुडबुडा येत नाही हे दोघंही बघायचो. मग तो हवा भरून घ्यायचा आणि जायचा. मला वाटायचं, पुढच्या वर्षी बोलेल."

छोटे मालक रडत होते, आवाज न करता, चांगल्या घरात शिकवतात तसं.

"काल तू म्हणालास, फोटो कुलपात होता," म्हातारा त्यांना म्हणाला. "मला वाटलं होतं, फाडला असेल त्यानं. जपला होता. मग मला बोलवेचना रे."

"मी दालनात खरं लिहितो," छोटे मालक म्हणाले.

"अजिबात नाही." म्हाताऱ्याचा आवाज कडक झाला. "फोटो लावू नकोस, पुरे. मेलेल्या पोराला चारचौघांत उभं करायचं नाही. शब्द दिलाय मी."

मावशी संतापून उठली. तेवढ्यात मास्तरीण खाटेजवळ गेली. तिनं बापाचे दोन्ही हात धरले.

"शब्द तुम्ही दिला होता, बाबा. मी दहा महिन्यांची होते. मी कुणाला काही दिलेलं नाही. आईनंही दिलं नव्हतं, तरी ती चोराची बायको म्हणून गेली. तुम्ही त्या मुलावर माया केलीत, बरं केलंत. पण ती तुमच्या एकट्याच्या खर्चानं नव्हती केलेली. आमच्याही होती. फोटो लागेल आणि खाली खरं लिहिलं जाईल. ते मी लिहीन. तुम्हाला रुसायचं असेल तर जेवून रुसा."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. वर्गातली तीस मुलं या नजरेपुढे गप्प बसत होती, त्यात एकाची भर पडली.

"मारकुट्या बापाचं पण लिही मग," तो शेवटी म्हणाला. "नुसतं पोरानं केलं असं नको. का केलं तेही येऊ दे."

"लिहीन."

"आणि तुम्हाला मी नोकरी नाकारली होती," मावशी मध्येच म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती, ती भांडल्यासारखीच आली. "तेही लिहा कुठेतरी. मोठ्या अक्षरात."

"तुमच्याकडे दरवाजे नीट पुसून ठेवले होते," ड्रायव्हर म्हणाला. "तेवढं मला बरं वाटलं होतं तेव्हा."

मावशीनं तोंड फिरवलं आणि ट्यूब मोजायला लागली.

शनिवारी छोट्या मालकांनी न्यायला गाडी पाठवली. म्हाताऱ्यानं ती परत पाठवली. दालन गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि रस्ता भर बाजारातून. छेचाळीस वर्षं तो बाजारच्या कामाला मागच्या गल्लीनं जात आला होता, दुकानांच्या पाठी, कचऱ्याच्या डब्यांमधून, कुणाच्या नजरेला नको म्हणून. आज तो हमरस्त्याला लागला. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मावशी. सकाळचे दहा, सगळी दुकानं उघडी.

"जरा कडेनं चाला हो," मास्तरीण म्हणाली. "मागे गाड्या हॉर्न देतायत."

"देऊ दे," म्हातारा म्हणाला आणि मधोमध चालत राहिला.